खेळाडूचे नाव

कार्ड पिवळं पडलं होतं. जाड पुठ्ठ्याचं, कडा झिजलेल्या, वरच्या कोपऱ्यात दोरा ओवायला भोक. त्यावर छापील रकाने होते: खेळाडूचे नाव, जन्मतारीख, वजनगट, स्नॅच, क्लीन अँड जर्क, एकूण. सरांनी टेबलाच्या खणातून ते काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि पेन ठेवून माझ्यापुढे सरकवलं. सकाळचे सहा वाजले होते. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका इमारतीच्या तळघरात माझ्या मागे कोणीतरी लोखंडी बार रबराच्या चटईवर टेकवत होतं, आणि त्या आवाजाने दर वेळी माझे खांदे आक्रसत होते.

पहिल्याच रकान्यापाशी मी थांबले.

“काऊन थांबल्या ताई?”

“सर, हे खेळाडूंचं कार्ड आहे. मी तर नुसती व्यायामाला आले.”

सर एकेकाळी भारोत्तोलन खेळलेले. ही कार्डं त्याच काळातली, उरलेली. स्नॅच म्हणजे वजन एका झटक्यात डोक्यावर नेणं, क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यांवर घेऊन मग डोक्यावर. ते म्हणाले, “उद्यापासून येऊन राहिल्या नं? वजन उचलणार नं? मग त्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव लिहू?”

मी नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. वजनगटाचा रकाना रिकामा ठेवला. ही २०२२च्या जुलैमधली गोष्ट. तेव्हा मी ४५ वर्षांची होते.

त्या एका शब्दापाशी मी का अडखळले, ते मला कळायला बराच काळ गेला. खरं तर तो शब्द माझा होता. महाल भागातल्या आमच्या शाळेत मी खो-खो खेळायचे. मागच्या पटांगणात लाल माती, दोन टोकांना दोन लाकडी खांब, मधे आठ जणी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडव्या बसलेल्या. मी चांगली खेळायचे. खांबाला हाताचा पंजा लावून, सगळं अंग झोकून देऊन वळण घेता येत होतं मला, आणि ते वळण घेताना पोटात जो पोकळ झोका यायचा तो अजून आठवतो. नववीत, १९९०-९१ साली, आम्ही आंतरशालेय सामने खेळलो. त्यानंतर मी कधीच खेळले नाही. कोणी मनाई केली नव्हती. दहावीचं वर्ष आलं, ओढणी आली, संध्याकाळी सातच्या आत घरात असण्याची शिस्त आली, आणि खो-खो कधी सुटला ते घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

मग खेळाडू म्हणजे दुसरे कोणीतरी झाले. ज्यांचा फोटो पेपरात येतो ते. ज्यांना दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, क्रीडा कोट्यातून नोकरी लागते ते. आपल्या नागपुरात तसे आहेतच. ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेता झाला. मालविका बन्सोडने २०२२च्या जानेवारीत इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं, तेव्हा आमच्या ऑफिसात दुपारच्या डब्यापर्यंत दुसरा विषय नव्हता. अशा माणसांसाठी राखून ठेवलेल्या शब्दाखाली आपलं नाव लिहायचं, म्हणजे दुसऱ्याच्या पाटावर जाऊन बसल्यासारखं वाटतं.

त्याआधी मी दुसऱ्या एका जिममध्ये आठ महिने काढले होते. तिथेही पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतला होता. त्यात ‘उद्देश’ म्हणून दोनच चौकटी होत्या, वजन कमी करणे आणि वजन वाढवणे. मी पहिल्या चौकटीत खूण केली. काट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचला गेला, कंबर मोजली गेली, आणि भिंतीवरच्या आधीच्या-नंतरच्या फोटोंकडे बोट दाखवून तीन महिन्यांत दहा किलोचं आश्वासन मिळालं. मग मला ट्रेडमिलवर चढवलं. आठ महिने मी एका काचेसमोर चालत होते आणि काचेत स्वतःला बघत होते. आदल्या दिवशी लग्नात जेवले असेन तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं जास्त. तो सगळा व्यायाम फेडीचा होता. मी काहीतरी अपराध केला आहे, आणि त्याचा पुरावा माझ्या पोटावर आहे, अशा भावनेने मी तिथे जात असे. वजन चार किलो उतरलं, पाच किलो चढलं. तिथून बाहेर पडले तेव्हा माझ्या गुडघ्यांवर सूज होती आणि मनात पक्कं बसलं होतं की या शरीरात काही दम नाही.

सरांच्या तळघरात आरसा एकच होता, तोही हात धुवायच्या बेसिनवर. वजनाचा काटा होता, पण त्यावर कोणी उभं राहताना मी क्वचितच पाहिलं. बायकांच्या भारोत्तोलनाचा बार १५ किलोचा असतो, पुरुषांचा २० किलोचा. मला पहिल्या दिवशी दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही, मिळाली एक काठी. काठी खांद्यावर घेऊन बैठक. टाचा जमिनीला, छाती वर, मांड्या गुडघ्यांच्या खाली जाईपर्यंत. मी दहा मारल्या. सरांनी चार मोजल्या.

“बाकीच्या अर्ध्या होत्या. अर्धी धरायची नाही.”

सर कधी रागावत नाहीत. भारोत्तोलनाच्या स्पर्धेत तीन पंच असतात, पांढरा दिवा म्हणजे वैध, लाल म्हणजे बाद, आणि दोन पांढरे मिळाल्याशिवाय उचललेलं वजन धरलं जात नाही. सर तसे पंचासारखे बोलायचे. चार म्हणजे चार. पहिल्या जिममध्ये मला दिवसभर ‘सुपर मॅडम, मस्त मॅडम’ ऐकू यायचं आणि त्यातल्या एकाही शब्दावर माझा विश्वास नव्हता. इथे कोणी दहातल्या चारच मोजल्या, आणि त्या चार मात्र खरोखर माझ्या झाल्या.

तीन आठवड्यांनी रिकामा बार मिळाला. दीड महिन्यात बारला दोन्ही बाजूंनी पाच-पाच किलोच्या प्लेटा लागल्या. मला वाटलं माझे स्नायू वाढले. सरांनी समजावलं की एवढ्या लवकर स्नायू वाढत नसतात. सुरुवातीची ताकद येते ती मज्जासंस्थेची. स्नायूंमधले कितीतरी तंतू झोपलेले असतात, मेंदू त्यांना हाक मारायला शिकतो, त्यांना एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायू नंतर भरतो, महिन्यांच्या हिशेबाने. ती रात्र मी हे मनात घोळवत काढली. म्हणजे हे बळ माझ्यात होतंच. ३० वर्षं कोणी हाकच मारली नव्हती.

कार्डावर तारखा चढू लागल्या. स्नॅचच्या रकान्यात आम्ही बैठक लिहायचो, क्लीन अँड जर्कच्या जागी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं. माझी नोकरी हिशेबाची. २५ वर्षं मी दुसऱ्यांचे आकडे जुळवत आले. स्वतःचा एकही आकडा मला वाढलेला आवडला नव्हता, ना वय, ना वजन, ना साखर. इथे पहिल्यांदा असा आकडा भेटला जो वाढला की मी ऑफिसात पोचेपर्यंत गाडीवर गुणगुणत जायचे. कार्डाच्या मागे मी आपणहून आणखी काही टिपू लागले. झोप पाच तास, बार जड. पाळीचा दुसरा दिवस, हलकं केलं. काल उपास, डोकं हललं. रविवारी तर्री पोहे, सोमवारी काही फरक नाही. महिनाभरात माझं मलाच दिसलं की मी अन्नाकडे वेगळ्या नजरेने बघते आहे. सकाळी काय खाल्लं की सहा वाजता पायात जोर राहतो, रात्री डाळ, अंडी, दही यातलं काय पोटात गेलं की दुसऱ्या दिवशी अंग कमी ठणकतं, हे मी शोधत होते. भाताला घाबरणं बंद झालं. दहानंतर मोबाइल बाजूला ठेवून झोपणं हा मला त्याग वाटेना. उद्या पाच बैठका आहेत ४० किलोच्या, त्यांची ती तयारी होती.

आजोबा इतवारीतल्या आखाड्यात जायचे. धान्याच्या दुकानात मुनीम होते, दिवसभर गादीवर बसून खतावणी लिहायचे, पण पहाटे दंड, बैठका, मुद्गल. घरी आले की म्हणायचे, “मेहनत करून आलो.” आखाड्यात तोच शब्द. आजोबा कोणतीही कुस्ती जिंकले नव्हते, कोणत्या दंगलीत उतरल्याचंही कोणाला आठवत नाही, तरी त्यांच्या मेहनतीला घरात मान होता. त्यांच्या आंघोळीचं पाणी आधी तापायचं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली, ही गोष्ट आजोबा अशा अभिमानाने सांगायचे की जणू तेही त्या तुकडीत होते. १९१४ साली सुरू झालेलं ते मंडळ आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर. म्हणजे आपल्या भागात साध्या माणसाने अंग कमावणं ही काही आज बाहेरून आलेली टूम नाही. आजोबांच्या आखाड्यात आजीला मात्र जागा नव्हती, आणि जगातही चित्र फारसं वेगळं नव्हतं. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली. बायकांचं भारोत्तोलन आलं २००० साली, सिडनीत.

तो सप्टेंबर मला आठवतो. मी २३ वर्षांची, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. सासरच्या दिवाणखान्यात बातम्यांमध्ये कर्णम मल्लेश्वरी दिसली. ११० किलो स्नॅच, १३० किलो क्लीन अँड जर्क, एकूण २४०, कांस्यपदक. त्या ऑलिंपिकमधलं भारताचं एकमेव पदक. मी हातातली परात घेऊन दारात उभी राहून बघत होते. तिच्या मांड्या, तिचे खांदे, बार डोक्यावर नेल्यानंतरचं तिचं थांबणं. सरांकडे गेल्यावर मला कळलं की तिने शेवटच्या प्रयत्नात १३७.५ किलो लावले होते. तो बार जमला असता तर सोनं होतं. जमला नाही. कांस्य हातात असताना न पेलवलेला तो बार सर आम्हाला पुन्हा पुन्हा सांगतात. त्यांच्या मते खेळाडू तिथे दिसतो. मलाही तसंच वाटतं. मी ५० किलोची बैठक पहिल्यांदा लावली तेव्हा खाली गेले ती वर आलेच नाही. बार मागच्या दांड्यांवर टेकला, मोठा आवाज झाला, सगळे वळले. पूर्वीची मी असते तर दुसऱ्या दिवशी गेले नसते. मी कार्डावर ५० लिहिलं, त्यापुढे फुली मारली, आणि त्या फुलीकडे बघून मला अभिमान वाटला, कारण तो प्रयत्न माझाच होता. पाच आठवड्यांनी ५० झाले. आज ५५ होतात, डेडलिफ्ट ८०.

आता जे सांगायचं आहे ते मला अजून नीट मांडता येत नाही, पण ते टाळून हा लेख पुढे नेणं मला बरं वाटणार नाही.

तळघराच्या समोरच्या प्लॉटवर २०२३च्या हिवाळ्यात सहा मजली इमारत उभी राहत होती. छत्तीसगडकडचे मजूर होते. त्यातली एक बाई, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल, डोक्यावर ओल्या मसाल्याचं घमेलं घेऊन दिवसभर जिने चढायची. आम्ही सकाळी सहाला यायचो तेव्हा ती चुलीशी असायची, आठला निघायचो तेव्हा तिची पहिली खेप चाललेली असायची. एकदा ती प्यायचं पाणी घ्यायला पायऱ्या उतरून आत आली आणि आमच्याकडे बघत उभी राहिली. मी ६० किलोचा डेडलिफ्ट करत होते.

“ये उठाने का पैसा मिलता है क्या?” तिने विचारलं.

“नहीं. हम देते हैं.”

ती हसली नाही. विचार करू लागली. सरांनी तिला बोलावलं. बारवर ४० किलो लावले आणि उचलून दाखव म्हणाले. कोणी काही शिकवलं नव्हतं. तिने पदर खोचला, वाकली, पाठ सुरीसारखी सरळ, बार नडग्यांना घासत वर आला आणि ती उभी राहिली. मला ४० किलोपर्यंत पोचायला चार महिने लागले होते. सर काही क्षण बोललेच नाहीत. मग त्यांनी खणातून कार्ड काढलं, तिला नाव विचारलं, लिहिलं आणि एकूणच्या रकान्यात ४० मांडले. “कल आओ,” म्हणाले. “पैसा नहीं लगेगा.” दुसऱ्या दिवशी स्लॅब पडणार होता, ती आली नाही. नंतर एकदोनदा नजरानजर झाली, हात हलवला गेला. होळीला मंडळी गावी गेली ती त्या साइटवर परत आली नाहीत. कार्ड सरांच्या खणात आहे.

तेव्हापासून मी स्वतःला विचारते आहे की तिच्यात आणि माझ्यात खेळाडू कोण. ताकद तिची जास्त. श्रम तिचे कितीतरी जास्त. पण ज्या गोष्टीने श्रमाचा सराव होतो, ती तिच्याकडे नव्हती. बार उचलताना स्नायू वाढत नाही, तेव्हा तर तो झिजतो, त्यात बारीक चिरा पडतात. वाढतो तो नंतर, झोपेत, जेवणात, मधल्या दिवसात. सरांकडे आठवड्यात तीन दिवस वजन आणि बाकीचे दिवस विश्रांती, आणि ती विश्रांतीही मी कार्डावर लिहिते. तिने एक दिवस विश्रांती घेतली तर त्याला खाडा म्हणतात आणि मजुरी बुडते. तिचं घमेलं रोज तेवढंच, अंगात ताप असो, पाळी असो, मूल रात्रभर रडलेलं असो. माझं वजन माझ्या झोपेकडे बघून ठरतं. माझी आजी दोन कळशा कमरेवर आणि एक डोक्यावर घेऊन गावाच्या विहिरीवरून यायची. तिचेही गुडघे ५०व्या वर्षी गेले. तिला बळ कमी नव्हतं. तिचा दिवस तिच्या हातात नव्हता.

म्हणून कोणी मला म्हटलं की आमच्या आज्या-पणज्या कुठे जिमला जायच्या, घरकामातच व्यायाम व्हायचा, तर मला वाईट वाटतं. तो त्यांना ओढावा लागलेला भार होता. स्वतःसाठी भार निवडणं, तो कधी वाढवायचा आणि कधी खाली ठेवायचा हे ठरवणं, चुकलं तर फुली मारून पुन्हा येणं, एवढं एखाद्या बाईला मिळालं तर ती काय होऊ शकते हे मी माझ्या अंगावर बघते आहे. ते मला मिळालं आणि तिला मिळालं नाही. खणातल्या त्या कार्डावर एकच आकडा आहे, आणि तो माझ्या पहिल्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

धावणं माझ्या आयुष्यात नंतर आलं, आमच्यातल्या एका काकूंमुळे. काकू ६३ वर्षांच्या, शाळेतून निवृत्त, सलवार-कुर्त्यात धावतात. रविवारी पहाटे सिव्हिल लाइन्समधून निघायचं, जपानी गार्डनपाशी वळून सेमिनरी हिल्सचा चढ घ्यायचा, तेलंगखेडीकडे उतरून फुटाळ्याच्या काठी पाणी प्यायचं. पहिल्या महिन्यात मी घाईने अंतर वाढवलं आणि नडगीच्या आतल्या बाजूला अशी कळ धरली की जिना उतरवेना. काकूंनी तीन आठवडे मला फक्त चालवलं. स्वतः माझ्याबरोबर चालल्या. “पायाचं ऐकायचं असतं गं, तो आपल्याच टीममधला आहे,” म्हणाल्या.

नागपूरचा उन्हाळा मात्र कोणाचं ऐकत नाही. एप्रिलच्या शेवटापासून पहाटे साडेचारलाही हवा गरम लागते, दुपारी पारा ४५च्या आसपास. लहानपणी खिशात कांदा ठेवून बाहेर पाठवायचे, तशी आई अजूनही माझ्या पर्समध्ये ठेवते. आम्ही मे महिन्यात धावणं बंद करत नाही. वेळ आणि वेग दोन्ही खाली आणतो. साधारण दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं उन्हाळी हवेत हललं की शरीर आपणहून बदलतं. रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, आणि त्या घामातून मीठ कमी जातं. एका मे महिन्यात मी हे स्वतःच्या कपड्यांवर बघितलं. सुरुवातीला काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या मिठाच्या रेघा उमटायच्या, महिनाअखेर त्या पुसट झाल्या. पन्हं आणि मीठ घातलेलं ताक तर होतंच. जन्मभर या उन्हात राहिले, पण माझ्या कातडीखाली असं काही घडू शकतं हे मला ४७व्या वर्षी कळलं.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मी दहा किलोमीटरची शर्यत धावले. छातीवर नंबर, बुटाला टायमिंगची चिप. एक तास अठरा मिनिटं. या शहरातले डॉक्टर अमित समर्थ २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, सायकलवर एकट्याने गेले आणि पुढच्या वर्षी मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला. त्यांच्या शहरात माझे दहा किलोमीटर फार थोडे आहेत हे मला माहीत आहे. पण शर्यतीनंतर फुटपाथवर बसून संत्रं सोलताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की सातव्या किलोमीटरला चढावर मी चालले नसते तर एक पंधरा आलं असतं. त्या विचारात खंत नव्हती, ओढ होती. परात घेऊन दारात उभी असलेली ती मुलगी मला तिथे आठवली. तिला सांगावंसं वाटलं.

२०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, आणि प्रियांका इंगळे, प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले. मी घरी एकटीच सामना बघत होते. एका मुलीने खांबाशी वळण घेतलं आणि सोफ्यावर बसल्या बसल्या माझा उजवा पंजा जमिनीत रुतला, पोटात तोच पोकळ झोका आला. ३४ वर्षांनी. शरीर काहीच विसरलं नव्हतं.

आई काटोलला राहायची. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७४. नागपुरात ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं, पंधरा दिवसांनी ती माझ्या घरी आली. पाळी गेल्यावर बायकांची हाडं भराभर विरळ होतात, हे मला माहीत होतं. हाडांवर भार पडला की ती भर घालतात, हेही माहीत होतं. मी स्वतःसाठी बार उचलत होते, आणि ज्या बाईची हाडं मला मिळाली तिच्यासाठी काहीच केलं नव्हतं. ते अजून सलतं.

फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायचं आणि बसायचं सांगितलं होतं. आईने ते चार दिवस टाळलं. “मले कायले पाहिजे आता? कुठी जायचं हाय मले?” तिचं बरोबर होतं. तिला कुठे जायचं नव्हतं, आणि नुसतं बरं होण्यासाठी माणूस किती दिवस उठेल-बसेल?

मी सरांना सांगितलं. त्यांनी खण उघडला.

कार्ड आईने दोन्ही हातांत धरून वाचलं. चष्मा वर सारून पुन्हा वाचलं. “खेळाडूचे नाव,” ती हळू म्हणाली. तिने कधी काय खेळलं होतं ते मी आजवर विचारलं नव्हतं. तिने सांगितलं, विटीदांडू, भावांबरोबर, दहा वर्षांची होईपर्यंत. मग रकाने खालपर्यंत बघत विचारलं, “वजनगट म्हंजे काय?”

“तुझं वजन किती, त्यावर असतं.”

“बेचाळीस हाय. लिही.”

मी लिहिलं. तीन वर्षं माझ्या कार्डावरचा तो रकाना रिकामाच होता. त्या संध्याकाळी मी माझं कार्ड काढलं आणि तिच्या शेजारी बसून ६१ लिहिले.

स्नॅचच्या जागी आम्ही चालणं लिहितो, पावलांत. क्लीन अँड जर्कच्या जागी खुर्ची. पहिल्या दिवशी दोन. दुसऱ्या आठवड्यात पाच. एकदा सर्दी झाली तेव्हा विश्रांती लिहिली, तर तिने मला दोनदा विचारलं की हे असं लिहिलेलं चालतं नं. आता दिवाणखान्यातली हातवाली लाकडी खुर्ची तिची ठरली आहे, त्यावर दुसरं कोणी बसत नाही. सकाळी मी तळघरातून घामाघूम होऊन येते तेव्हा ती आंघोळ करून, पदर खोचून तयार असते.

काल ती अकरापर्यंत न थांबता गेली. बाराव्याला अर्ध्यात तोल गेला, सावरली, उठली, उभी राहिली, श्वास लागला होता. मी पेन घेतलं आणि १२ लिहायला लागले.

“बारावी धरू नको,” आई म्हणाली. “हात लागला माहा.”

मी ११ लिहिले.